झिजलेल्या निबांचा संग्रह

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक विलक्षण दंडक रूढ आहे : जो पेन कोणी कधी शाईने भरलाच नाही, जो मूळ पेटीत, किमतीच्या चिठ्ठीसह, पाऊणशे वर्षे निरुद्योगी पडून राहिला, त्याचे मोल सर्वांत अधिक. लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावरील शनिवारच्या बाजारात विक्रेते असे पेन मखमलीवर मांडून त्यांच्या अनाघ्रात अवस्थेची ग्वाही देतात. माझा दिवंगत मित्र मूळचा यवतमाळ जिल्ह्यातील, झरी जामणी तालुक्याचा. पैनगंगेकाठचे बालपण मागे ठेवून तो या नगरात आला होता, परंतु गावची बोली त्याने मागे ठेवली नव्हती. "पेरलंच नाई त्या वावराचं कौतुक काहून करतं, बाप्पा?" असे मला विचारून तो मेजाखालच्या खोक्यात हात घाली व तेथील विटलेल्या, दातांच्या खुणा उमटलेल्या पेनांतून आपले रत्न शोधून काढी.

त्याच्या या उफराट्या पारखीस कारण होते. जुन्या शाईतील आम्लाने पोलाद गंजते, म्हणून चांगला निब सोन्याचा करीत. सोने मऊ, म्हणून त्याच्या टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण जोडीत. आणि तो कणही वर्षानुवर्षे कागदावर घासून लिहिणाऱ्याच्या हाताच्या तिरपेपणाने झिजत जाई. दुरुस्ती करणारे ती झीज घासून सारखी करतात; याने ती कधी करू दिली नाही. नामशेष झालेल्या माणसाच्या हाताची एवढीच खरी नोंद कोठल्याही दप्तराबाहेर उरते, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे वडील वणीच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होते. कोणी गोंडी, कोणी कोलामी, तर कोणी नदीपलीकडच्या तेलुगूत आपली कैफियत सांगे, आणि ते ती तगाईच्या, फेरफाराच्या किंवा वारसाच्या अर्जात बसवीत. शेकडो लोकांची गाऱ्हाणी एकाच निबातून उतरली. झीज मात्र एकट्या लिहिणाऱ्याच्या हाताची राहिली.

ओनोटो हा त्याचा विशेष आवडता. लंडनच्या डी ला रू या मुद्रणसंस्थेने १९०५ साली बाजारात आणलेल्या या पेनाचा दट्ट्या मागे ओढून पुन्हा आत रेटला की त्याच्यामागे निर्वात पोकळी होते, आणि दट्ट्या तळाच्या रुंद भागात पोहोचताच शाई एका दमात आत धावते. १९२५ साली नाशिकचा सरकारी छापखाना सुरू होण्यापूर्वी हिंदुस्थानची टपालतिकिटेही याच संस्थेत छापली जात. साहेबाने गाऱ्हाणे लिहावयाचे साधनही विकले आणि ते पाठवावयाचे तिकीटही, असे म्हणून तो मनमुराद हसे. डॉ. आंबेडकरांचे फाउंटन पेनांचे प्रेम सर्वश्रुत आहे. ते विद्यार्थिदशेत राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरील घर पाहावयास तो जाई, तेव्हा त्यांचे पेन किती झिजले असतील, हाच विचार त्याला प्रथम सुचे.

त्याच्या पश्चात संग्रहाची किंमत ठरविण्यास आलेल्या गृहस्थांनी पानोपानी झिजेची नोंद करून रक्कम उतरवीत नेली. कुटुंबीयांनी ती यादी बाजूस ठेवली आणि त्याच्या इच्छेप्रमाणे, जे रोज हाताने लिहितात अशांनाच पेन वाटले. माझ्या वाट्यास आलेला ओनोटो कोणा डावखुऱ्याने झिजविलेला असावा. मी सरळ लिहू गेलो की तो कुरकुरतो, आणि मनगट वळवून त्या अनोळखी माणसाची बैठक पत्करली की सुरळीत चालतो. परदेशात राहणाऱ्यास दुसऱ्याने पाडलेल्या वळणाशी जुळवून घेण्याचा सराव असतोच, तेव्हा त्याची मला तक्रार नाही. संग्राहक गेला की संग्रह गोठतो म्हणतात. याचा मात्र गोठलेला नाही. ज्या झिजेपायी त्या गृहस्थांनी किंमत कमी केली, ती आम्ही सारे मिळून रोज वाढवीत आहोत.