दोन पट्ट्यांची जोडी
रिसोडला आमच्या संगणकात वाडवडिलांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी उतरविण्याचे काम चालले आहे. त्यास रॅमची दुसरी पट्टी जोडली. जुनी सीएल १६, नवी सीएल १८. गती दोहोंची ३२००. परंतु मागितलेली माहिती जुनी १० नॅनोसेकंदांत देऊ लागते, नवी ११.२५ मध्ये. प्रत्येक पट्टीवरील इवल्याशा चिपमध्ये तिच्या वेळा लिहिलेल्या असतात, जणू तिचा दाखलाच. तो वाचून मदरबोर्ड बहुधा दोघींना सावकाश पट्टीची चाल लावतो. एकाच पाकिटातील जोडी केव्हाही बरी! भय निराळेच आहे. पट्ट्या न जुळल्यास यंत्र बंद पडेलच असे नाही. एखादे आडनाव मुकाट्याने बदलूनही जाईल. म्हणून मेमटेस्ट८६ ही चाचणी आम्ही रात्रभर चालविली. दोष निघाला नाही. तरी प्रत्येक नोंद मूळ वहीशी ताडून पाहतोच.