गावाचे मार्क कोण तपासणार?

गेल्या वर्षी मी एक बातमी केली होती. तालुक्यातल्या एका गावाला विकासाच्या निर्देशांकात चांगले गुण मिळाले म्हणून. सरपंचांचा हसरा फोटो, तीन कॉलम जागा. सकाळी अंक निघाला आणि माझ्यासाठी विषय संपला.

आठ दिवसांनी त्याच गावच्या एका वस्तीवरून फोन आला. बाई म्हणाल्या, "भाऊ, पेपरात आमच्या गावाचं लई कौतुक छापलंय तुम्ही. एकदा आमचा नळ बघायला या."

गेलो. मे महिना होता. नळ होता, खोटं कशाला बोलू? घरासमोर सिमेंटचा छोटा खांब, त्यावर तोटी. त्या खांबाला शेळी बांधलेली. बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात दोन महिने येतं पाणी. नंतर हा खुंटाच." हंडे भरायला बायका अर्धा किलोमीटरवरच्या विहिरीवर जात होत्या.

परत येताना ग्रामपंचायतीत डोकावलो. संगणकावर बसलेल्या पोराला विचारलं, हे कसं काय? त्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, योजनेच्या यादीत जोडणी दिसते. तीच भरली. पोर्टलची मुदत संपत आली होती." तो काही खोटं बोलत नव्हता. कागद बरोबर होता, बाईही बरोबर होत्या. चुकलो होतो मी. गावात न जाता मार्क छापले.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. मुदत २०३०. गरिबी, आरोग्य, शिक्षण, पाणी, सगळं त्यात आलं. आपल्या पंचायतराज मंत्रालयानं ही १७ उद्दिष्टं गावाला समजतील अशा ९ विषयांत बसवली: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधांत स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासन असलेलं गाव आणि महिलास्नेही गाव. मग प्रत्येक ग्रामपंचायतीची प्रगती मोजायला पंचायत प्रगती निर्देशांक आणला. २०२२-२३ या वर्षाच्या माहितीवरचा पहिला निकाल एप्रिल २०२५ मध्ये लागला. ४३५ निर्देशक, ५६६ प्रकारची माहिती. देशातल्या अडीच लाखांहून जास्त पंचायतींपैकी सुमारे २ लाख १६ हजार पंचायतींची माहिती तपासून त्यात घेतली गेली.

निकाल काय लागला? ९० च्या वर गुण मिळवणाऱ्या 'अचिव्हर' श्रेणीत देशभरात एकही गाव नाही. त्याखालच्या 'फ्रंट रनर' श्रेणीत ६९९ गावं, त्यातली बहुतेक गुजरात आणि तेलंगणातली. ६० ते ७५ गुणांच्या 'परफॉर्मर' श्रेणीत महाराष्ट्राच्या १२,२४२ पंचायती. देशातली सगळ्यात जास्त गावं, एक लाख बत्तीस हजारांवर, ४० ते ६० च्या मधे अडकलेली.

एकही गाव पहिल्या श्रेणीत नाही, ही गोष्ट मला उलट बरी वाटली. आपल्याकडे सरकारी कागदावर सगळं शंभर टक्के व्हायची फार घाई असते. इथं निदान तसं झालं नाही. त्यामुळे हा निर्देशांक म्हणजे थापा आहेत, असं मी म्हणणार नाही. गावाच्या आरोग्यापासून कारभारापर्यंतची माहिती एका जागी येणं हे मोठंच काम आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. ही माहिती गावातून वर जाते. तालुका तपासतो, जिल्हा तपासतो, राज्य तपासतं. पण ज्यांचं मोजमाप झालं, त्यांनी ते कधी बघितलंय का? तालुक्याला तोटीत पाणी आहे की नाही हे दिसत नाही. शेजारणीला दिसतं.

आणि मोजलं कधी, हेही महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये मोजलं तर गाव जलसमृद्ध, मेमध्ये मोजलं तर टँकरग्रस्त. आपल्याकडच्या ज्या गावांतून माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथं शाळेचा पट, अंगणवाडीतल्या पोरांची वजनं, सगळं सहा महिन्यांनी बदलतं. अंगणवाडी सेविकेला विचारा, कोणतं पोर कारखान्यावरून वाळून परत आलं ते ती नाव घेऊन सांगेल. पोर्टलवर त्या पोराची टक्केवारी होते. टक्केवारीला कुणी खिचडी वाढत नाही.

मोजमाप गावाच्या कामी कसं येतं, हे बघायला लांब जायला नको. नगरजवळचं हिवरे बाजार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते दुष्काळी गाव होतं. आज तिथं पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि त्या हिशेबावर ग्रामसभा ठरवते की यंदा कोणती पिकं घ्यायची. पाऊस कमी पडला तर उन्हाळी पिकाला हात आखडता. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. तिथला आकडा वर पाठवण्याआधी गावाच्या कामाला येतो. तो चुकला तर फटका गावालाच बसतो, म्हणून तो जपून मोजला जातो. आमच्या त्या वस्तीवरचा आकडा चुकला, तर कुणाचं काय बिघडलं? त्या बाईंचा हंडा सोडून कुणाचंच नाही.

पुढच्या निर्देशांकात निर्देशकांची संख्या बरीच कमी केलीय. चांगलं झालं. पण यादी छोटी झाली म्हणून ती गावात वाचली जाईलच असं नाही. ते काम आपलं.

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. पुढच्या सभेत एवढंच मागा: आमच्या गावाची भरलेली माहिती मोठ्यानं वाचून दाखवा. सगळी नको, पाणी, शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य एवढीच. वाचताना ज्या ओळीला कुणी "नाही" म्हणेल, ती ओळ इतिवृत्तात तशीच लिहून घ्या. गुण कमी झाले तर होऊ देत. कमी मार्कांचं गाव सुधारतं. खोट्या मार्कांच्या गावाला काही मागायची सोयच उरत नाही, कारण कागदावर त्याला सगळं मिळालेलं असतं.

माझ्यापुरतं मीही एक ठरवलंय. कुठल्याही गावाच्या गुणांची बातमी इथून पुढं वस्तीवर जाऊन, नळ सोडून बघितल्याशिवाय करणार नाही. आणि जाणार ते मे महिन्यात.

तुमच्या गावात असं वाचन झालंय का? झालं असेल तर खाली लिहा. त्याचीही बातमी करू.