पहिली भेंडी आणि चवळीवरचा मावा

मु. पो. कळंब, ता. इंदापूर, जि. पुणे

चि. सौ. भाचीस,

परसबागेतल्या किडीचा बंदोबस्त करण्याआधी तिच्या शत्रूंची ओळख करून घेणे हिताचे असते. कारण भाजीवर पडणाऱ्या बहुतेक किडींना खाऊन जगणारे जीव निसर्गातच असतात, आणि त्यांनाच शेतीशास्त्रात मित्रकीटक म्हणतात. पत्रात कळवलेली चवळीवरच्या माव्याची तक्रार हे त्याचे नेमके उदाहरण आहे. मावा ही मऊ अंगाची, कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी कीड असून तिची मादी उबदार हवेत नराविना थेट पिलांनाच जन्म देते, त्यामुळे आठवडाभरात सगळा शेंडा काळा दिसू लागतो. तिच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड, चिकट द्रवासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून वेलावर मुंग्यांची रांग दिसली, तर आधी ती मोडावी.

त्यानंतर मात्र काही दिवस धीर धरणे, हाच खरा उपाय आहे. भक्ष्य वाढल्याशिवाय भक्षक येत नाही. पान उलटून पाहिले असता पिवळ्या, उभ्या, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या बारीक अंड्यांचा पुंजका दिसला, तर तो ढालकिड्याचा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याचा असतो. त्यातून निघणारी अळी काळसर, खरबरीत आणि नारिंगी ठिपक्यांची असते. तिचे रूप भुंगेऱ्याशी जराही जुळत नसल्याने तीच कीड समजून चिरडली जाते, आणि शेकडो मावे फस्त करणारा राखणदार घरच्याच हातून मरतो. माव्याच्या थव्यात काही किडे बदामी रंगाचे, फुगून टणक झालेले व पाठीवर गोल भोक असलेले आढळतात. अतिसूक्ष्म गांधीलमाशीने माव्याच्या अंगात अंडे घातले, तिच्या अळीने त्याला आतून पोखरले आणि भोक पाडून नवी माशी बाहेर पडली, एवढी कथा त्या एका टरफलात असते.

हे तत्त्व केवळ परसापुरते नाही, हे नीरा डाव्या कालव्यावरच्या ऊसकऱ्यांना वेगळे सांगायला नको. 2002 साली सांगली भागात दिसलेला उसावरचा लोकरी मावा पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. डोक्याएवढ्या उंच वाढलेल्या उसात फवारणी नीट पोचत नव्हती. तेव्हा माव्यावर जगणाऱ्या डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या व कोष असलेली पाने एका फडातून काढून दुसऱ्या फडात नेऊन लावण्याचा मार्ग अवलंबला गेला, आणि मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या किड्याचीही त्याला जोड मिळाली. जिथे घाईने विषारी औषधे मारली जात, तिथे हे मित्रच आधी मरत. एवढ्या विस्तीर्ण फडांना जे साधले, ते चार वाफ्यांना साधू नये, असे काही कारण नाही.

किडीने मर्यादा ओलांडलीच, तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा: 50 ग्रॅम वाळक्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, पाणी घालून 1 लिटर अर्क करावा आणि पानाला चिकटण्यासाठी त्यात चिमूटभर साबणचुरा घालावा. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनमुळे किडीचे खाणे व कात टाकणे थांबते, ती तत्काळ मरत नाही. आणि हे द्रव्य उन्हात लवकर निकामी होत असल्याने फवारणी संध्याकाळी करावी. वांग्याची गोष्ट निराळी आहे. तिथे शेंडा व फळ पोखरणारी अळी आतच दडून बसत असल्याने शत्रूंची वाट पाहत बसणे परवडत नाही; मान टाकलेला शेंडा दिसताच तो कोमेजलेल्या भागाच्या खाली खुडून अळीसह नष्ट करावा. पाने पिवळ्या शिरांची झालेले भेंडीचे झाड पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूने ग्रासलेले असते, ते निःसंकोच उपटावे.

पहिल्या तोडणीचा मोह हाही या विषयाचाच भाग आहे. मेथी महिन्याभरात कापणीला येते, भेंडी पेरणीपासून साधारण 45 ते 50 दिवसांनी. फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडली, तर ती कोवळी मिळते; मोठी होऊ द्यावी म्हणून ठेवली, तर ती निबर होते, झाड नवी फुले कमी धरते आणि जून फळांत अळीला घर मिळते. एक दिवसाआड तोडणी हे म्हणूनच कीडनियंत्रणही ठरते. पहिल्या तोड्यात चार भेंड्या किडक्या निघाल्या, तर तेवढ्यासाठी फवारणीचा पंप हाती घेऊ नये, ही आग्रहाची विनंती.

चवळीवर पिवळी अंडी दिसली की दोन ओळी अवश्य धाडाव्यात.

मामाचे आशीर्वाद