पाहुण्याच्या ताटात काय वाढावे?

राजगड-तोरण्याच्या पायथ्याची गावे शनिवार-रविवारी कशी गजबजतात, हे वेल्हे आणि भोरकडच्या वाचकांना सांगायला नको. नसरापूर सोडले की मार्गासनीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत आपल्या ज्या किल्ल्यांना मान दिला, त्यांत राजगड आहे. वेल्हे तालुक्यालाही आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. गड उतरून आलेल्या माणसाला भूक लागते. भात झोडून झाल्यावर ज्या घरात हाताला दुसरे काम नसते, त्या घरात या भुकेतून चार पैसे येतात.

माझी धाकटी बहीण अशाच एका पायथ्याच्या गावात दिली आहे. पाच-सहा वर्षे झाली, ती ओसरीवर पाहुण्यांची पंगत मांडते. पिठले, भाकरी, ठेचा, कांदा, इंद्रायणीचा भात आणि वाटीभर दही. आधी सांगितले तर गावठी कोंबडीचा रस्सा. दही घरच्या म्हशीचे. गेल्या वर्षी तिच्या मुलाने डोक्यात घेतले की बाहेर मोठी पाटी लावायची: पिझ्झा, मंच्युरियन आणि मेक्सिकन. ओव्हन आणि बर्फाचे कपाट घ्यायला पैसे हवेत, म्हणून म्हैस विकायची. बहिणीच्या डोळ्याला डोळा लागेना. पोराने मलाच विचारले, "मावशी, शहरातली पोरे पिठले किती दिवस खाणार? तू तर मेक्सिकन जेवून आलीस. तूच सांग."

मंडळी, मी जेवून आले होते हे खरे. एका थंड हवेच्या गावी, एकाच हॉटेलात, दोनदा. एकदा पोट भरले, एकदा नाही. म्हणून दोन्ही जेवणे तुम्हालाही सांगते.

पहिल्यांदा लेक-जावयाने नेले ते श्रावणात, आडवारी. हॉटेलात आम्ही आणि आणखी एकच कुटुंब. वाढणाऱ्या मुलाने काय कशाबरोबर खायचे ते नीट समजावले. फडक्यात गुंडाळलेल्या पातळ भाकऱ्या आल्या. त्यांना तोर्तिया म्हणतात. शिजवून घोटलेला घेवडा आला. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरून लिंबू पिळलेली कोशिंबीर आली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर मक्याची भाकरी!" वरचे चीज मला जड झाले आणि भाव ऐकून छातीत धस्स झाले, पण जेवण गरम होते आणि मन लावून केलेले होते.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत गेलो. ह्यांनी कौतुक केलेले, म्हणून नणंदेचे कुटुंबही बरोबर. सव्वा तास बसून राहिलो. तोर्तिया आल्या त्या कडांना पापडासारख्या मोडत होत्या. घेवड्याला आंबूस वास. नातवाने नुसते बटाट्याचे काप खाल्ले. जावयांनी सांगितल्यावर त्या मुलाने हुज्जत न घालता ताट उचलले आणि बिलातून त्याचे पैसे वजा केले. एवढा चांगुलपणा त्याने दाखवला. पण पाण्याच्या बाटलीचा भाव पाटीवर एक आणि बिलात दुसराच निघाला. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. वीस टेबलांना आत दोनच पोरे राबत होती. त्यांचा राग कसा यावा?

घर तेच, पदार्थ तेच. मग फरक कशाचा? पहिल्या दिवशी भाकरी तव्यावरून ताटात आली होती. दुसऱ्या दिवशी ती कधीतरी भाजून ठेवलेली होती.

आता मेक्सिकन म्हणजे काही साहेबी खाणे, असे समजू नका. ते तिकडच्या शेतकऱ्याचे जेवण आहे. मका हे पीकच मुळी मेक्सिकोतले. सुमारे 9000 वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून ते घडवले. तिथल्या बाया मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात, मग ओलाच वाटून तव्यावर भाकरी करतात. चुन्याने मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपात मका गेला, पण ही रीत गेली नाही. मक्यावरच दिवस काढणाऱ्या गोरगरिबांना तिथे पेलाग्रा नावाचा रोग जडला. आपल्या ठेच्यातली मिरचीही त्या मुलखातलीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे उतरली. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक जेवणालाही वारसा म्हणून मान दिला. चुलीपुढे बसून, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या त्या बायांच्या रीतीचा तो मान आहे.

भाच्याला मी एवढेच विचारले, "मका चुन्यात भिजवायचा तुझ्या आईला ठाऊक नाही. डब्यातला घेवडा आणि पाकिटातली तोर्तिया पुण्याहून आणून तू गरम करून देणार. ते खायला माणूस गडाच्या पायथ्याशी कशाला येईल? त्याला ते घराजवळ मिळते. आणि म्हैस गेल्यावर दही कुठून आणशील?"

पोरगा समजूतदार. तो म्हणाला, "मग माझे चुकते कुठे? गर्दीच्या दिवशी आपल्याकडेही लोक तासभर बसतातच की. मागच्या पंगतीला गार भाकरी जाते." हे त्याचे बोलणे खरे होते. नुसते "आपले ते चांगले" म्हणून भागत नाही. गार झालेली नाचणीची भाकरी शहरातल्या माणसाला वातड लागते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, दर 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून जास्त. पण गुण सांगून कोणाचा घास गोड होत नाही.

मग मायलेकरांनी बसून ठरवले. आदल्या रात्रीपर्यंत फोन करून जे सांगतील, त्यांचे ताट पक्के. आयत्या वेळी येणाऱ्यांपैकी जेवढ्यांना भाकरी गरम देता येईल तेवढ्यांना हो म्हणायचे, बाकीच्यांना शेजारचे घर दाखवायचे. ताटाचा भाव, जादा भाकरीचा भाव आणि कोंबडीचा भाव पाटीवर ठळक लिहायचा. शनिवार-रविवारी शेजारच्या भावजयीला रोजाने भाकरी थापायला बोलवायचे. जेवण विकायचे म्हटले की अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तीही पोराने करून घेतली.

पोराची एक गोष्ट मात्र आईने ऐकली. लहान मुलांना तिखट चालत नाही, म्हणून तांदळाच्या उकडीच्या मऊ, छोट्या भाकरीत कमी तिखटाची मटकी आणि कांदा घालून ती दुमडून द्यायची. पोरे हातात धरून खातात. मेक्सिकोची बाईही याहून वेगळे काय करते?

म्हैस गोठ्यातच आहे. दर रविवारी घर भरते असे नाही, पावसाळ्यात कधी कधी रविवार कोरडाही जातो. पण जे जेवून जातात, त्यांतले पुष्कळ जण पुढच्या खेपेला फोन करून येतात.

तुमच्याही ओसरीवर पाहुणे जेवत असतील, तर माझे एक ऐका. एखाद्या गर्दीच्या रविवारी दुपारी तीननंतर, शेवटच्या पंगतीचे ताट स्वतः वाढून घ्या आणि पाहुण्याच्या जागी बसून खा. म्हैस विकायची की तव्यापाशी आणखी एक हात वाढवायचा, ते त्या ताटावरच ठरवा.