दुसऱ्या घरी

श्रावणात जामसरला विहिरीच्या दगडांवर शेवाळ धरतं. बायका करवंटीनं खरवडतात. आठ दिवसांत ते पुन्हा हजर. परवा एक पोरगी खरवडता खरवडता त्यालाच दटावत होती, "मरत कसं नाय गं तू?" हंडा कमरेवर तसाच ठेवून मी थबकले. मी एकदा ते मारून दाखवलं आहे.

वनस्पतिशास्त्राचं दुसरं वर्ष. दिवाळीची सुट्टी, कॉलेजला कुलूप आणि क्लोरेला या सूक्ष्म शेवाळाच्या दोन परीक्षानळ्या सांभाळायला माझ्याकडे. जव्हारहून एसटीनं येताना त्या ओढणीत गुंडाळून गुडघ्यांत उभ्या धरल्या होत्या. आजीनं हिरवं पाणी उजेडाला धरून पाहिलं. "शेवाळ? इथं काय कमी हाय?" हसली, पण नळ्या नागलीच्या टोपलीत नीट खोचून ठेवल्या. मी दिवसभर भाताच्या झोडणीला. ती रोज टोपली ओट्यावर उन्हात काढायची, धान्य वाळवावं तशी. पाचव्या दिवशी दोन्ही नळ्या ताकासारख्या पांढऱ्या. त्याला उजेड हवा, भर ऊन नको, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजीला सांगितलं नव्हतं.

ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्या घरी नव्हतं ठेवलं?"

वरईचं शेरभर बी ती दर वर्षी मावशीकडे पाठवायची. आपलं बुडालं तर तिकडून येईल, तिचं बुडालं तर इकडून जाईल.

शेवाळं सांभाळणाऱ्यांचीही रीत हीच. प्राग सोडून १९३८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या शैवालतज्ज्ञ एर्न्स्ट प्रिंग्सहाइमनं आपली शेवाळं बरोबर नेली. केंब्रिजला त्यांचा संसार वाढवला, आणि १९५३ मध्ये ग्योटिंगेनला जाताना जोडनळ्या घेऊन गेला. एक घर मागे, एक पुढे. डेल्फ्टला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंकनं १८८९ मध्ये वेगळी काढलेली क्लोरेला ग्योटिंगेनला अजून जिवंत आहे. नागलीचं बी चुलीवरच्या धुरात निवांत झोपतं. नळीतलं शेवाळ वाढत राहतं, वाढलं की अन्न संपतं. म्हणून तारेच्या टोकावर इवलंसं उचलून ताज्या आगारवर ठेवायचं. काही महिन्यांनी पुन्हा तेच. पॉट्सडॅमला स्वालबार्डच्या बर्फावरची शेवाळं थंड कपाटात सांभाळतात. जव्हारची मार्गशीर्षातली दुपार म्हणजे त्यांचा वैशाखवणवा.

असं सांभाळण्याला 'जतन' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यात काचेचं कपाट दिसतं. 'राखण' बरा. त्यात माळ्यावरचं जागणं आहे, हाकारे आहेत, थोडी झोपही.

वरई लोक उपासाला खातात. मला ती उडदाच्या आमटीबरोबर आवडते, भरपेट, उपास नसताना. मावशीकडची वरई जरा काळपट असायची, शिजली की दाणा मोकळा. मावशी गेली. तिची सून यंदा लावते आहे का, बघायला हवं. माझ्या डब्यात मूठभर आहे.