नवी पेठ, गड्डा आणि तुमचे नवे घर

शाळू हुरड्याला आला, की सोलापूर जिल्ह्यातल्या गावांची पावले शहराकडे वळतात. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचे पाळणे पाहून झाले, की मंडळी खरेदीसाठी नवी पेठेत शिरतात. तुम्हीही तिथे कधी ना कधी गेला असालच. लग्नाचा बस्ता असो की घरभरणीचा आहेर, या पेठेतल्या कापड दुकानांत बैठक मारल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि हिवाळ्यात तिथे येणाऱ्यांत घर बांधायला काढलेली जोडपी असतातच. नवरा पदरचे पैसे मोजत असतो, बायको चौकटीच्या पूजेला लागणारे खण निवडत असते.

यंदा पेठेतून बाहेर पडाल, तेव्हा थोडी वाट वाकडी करा आणि काळ्या दगडाचा भुईकोट किल्ला पाहा. तो बहामनी काळातला. शेजारीच सिद्धेश्वराचा तलाव आहे. बाराव्या शतकात सिद्धरामांनी हा तलाव भक्तांच्या श्रमातून उभा केला, असे परंपरा सांगते. दगड आणि माणसांचे हात यांनी किती टिकाऊ काम होते, ते इथे दिसते.

आता आपल्या गावाकडे वळू. काळी पिकवायची आणि पांढरीत राहायचे, ही आपली जुनी रीत. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, माळवदावर धान्य वाळवायला जागा, रात्री निजायला मोकळी हवा. पण याच घराने एकदा घात केला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून लोक निजले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली सापडली.

दोष दगडाचा नव्हता, मातीचाही नव्हता. गळती थांबवायला दरसाल माळवदावर नवी माती पडत गेली आणि छपराचे ओझे वाढत गेले. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, मध्ये नुसती माती आणि चिपा. धक्का बसताच दोन्ही अंगे सुटली आणि वरचे ओझे खाली आले.

पुढे सरकारने नवी गावे वसवली, पण त्याहून कितीतरी जास्त घरे मालकांनी जागेवरच दुरुस्त केली. पैसे हप्त्याने मिळत, काम घरच्यांनी करून घ्यायचे. गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. जी बाई कधी गवंड्यापुढे बोलली नव्हती, ती सिमेंटचे प्रमाण विचारू लागली. हा धडा सोलापूरकरांनीही गाठीला बांधावा असा आहे.

घर बांधायला हिवाळा का बरा? खरिपाचा पैसा हातात असतो, शाळूच्या काढणीला अवकाश असतो. ऊन मवाळ असल्याने बांधकाम भराभर सुकत नाही आणि मृगापर्यंत छप्पर चढते. नवराबायकोने खपून मजुरीही वाचवता येते. मात्र काही गोष्टींत कसूर नको.

पाया काळ्या मातीत थांबवू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीही तिच्याबरोबर फाटतात. मुरूम किंवा घट्ट थर लागेपर्यंत खणा. दगडी भिंत असेल तर तिच्या आरपार जाणारे लांब दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर बसवा. कोपऱ्यांवर लांब दगड आलटूनपालटून घाला. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सळईचा काँक्रीटचा पट्टा घराभोवती अखंड फिरवा. पेटीला लोखंडी पट्टी मारतात ना, तसेच त्याचे काम. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका. बांधकामावर निदान आठ-दहा दिवस पाणी मारा. थंडीत काँक्रीट सावकाश बळ धरते, म्हणून स्लॅबचे टेकू काढायची घाई नको. जुने माळवद ठेवायचे असेल, तर वरची जादा माती उतरवा आणि गळती दुसऱ्या उपायाने बंद करा.

या कामात घरधनिणीचे लक्ष सर्वांत मोलाचे. धनी रानात असताना गवंडी काय करतो हे तीच पाहते. मग घर तिच्याही नावावर का असू नये? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये दोघांची नावे लावून घ्या. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे देण्याची आणि ठेकेदार न लावता लाभार्थ्याने स्वतः बांधण्याची अट ठेवली गेली.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलात, तर कुंभारीची वसाहत पाहून या. गोदूताई परुळेकरांच्या नावाने तिथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरे उभी आहेत. त्याच परिसरात रे नगरच्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा त्यांना हे छप्पर मिळाले.

घर पाहावे बांधून, असे जुनी माणसे म्हणत. बांधताना खर्च होतो, वादही होतात. पण नवी पेठेतले लुगडे दोन वर्षांनी विरते. आरपार दगडाची भिंत नातवंडांपर्यंत उभी राहते. यंदा पैसे कमी पडलेच, तर आहेर थोडा हलका करा, पट्ट्याची सळई हलकी करू नका.