मधला फुगा

यंदा ज्येष्ठ लागला तरी माझी वाकळ अर्धीच होती. संक्रांत झाली की ट्रंकेतली लुगडी काढायची, माघात पन्हे जोडायचे आणि चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या ‘चांगभलं’ करत रस्त्यानं निघाल्या की शेवटचे फेरे घालायचे, हा माझा चाळीस वर्षांचा शिरस्ता. अक्षय तृतीयेच्या आत दोरा तोडला नाही असं एकच साल आठवतं. मुलगा विषमज्वरानं पडला होता ते. यंदा घरात सगळे बरे आहेत. माझा उजवा अंगठा मात्र बुडाशी असा ठणकतो की दोन फेऱ्यांनंतर सुई धरवत नाही. एकाहत्तरावं चालू आहे.

अंगठ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते वाकळीच्या मधोमध येणाऱ्या फुग्याबद्दल.

कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घालत आत यायचं, ही आमच्या घरची रीत. बेळगावकडं वाकळीलाच कौदी म्हणतात. हल्याळ-यल्लापूरच्या जंगलातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कडेकडून मधे येतात. म्हणजे हा फुगा त्यांनाही भेटत असणार. सुई दर टाक्याला वरचं कापड केसभर पुढं रेटते. खालचं कापड जमिनीला धरून असतं, ते हलत नाही. पहिल्या दहा फेऱ्यांत काही कळत नाही. विसाव्या फेऱ्याला मधला भाग जरा सैल वाटतो. शेवटचा वीतभर चौकोन उरतो तेव्हा वरच्या कापडाला जायला जागाच नसते आणि ते वर उठतं. हात फिरवला की सपाट होतं, हात उचलला की पुन्हा वर. वाकळ अंगावर घेतली तर कळणारही नाही, पण खाटेवर पसरली की माझी नजर आधी तिथंच जाते.

चाळीस वर्षांत मी याच्यावर काय काय केलं ते सांगते. मधून कडेकडं कच्चे टाके घातले. चार कोपऱ्यांना वरवंटा आणि पितळी तांबे ठेवून पाहिले. पाणी शिंपडून थर एकमेकांना चिकटवले आणि ओल्यावरच शिवलं, तर वाळल्यावर फुगा दुप्पट. कोरं मांजरपाट आत घालायचं तर ते दोन पाण्यांतून काढून घेतलं, कारण कोरं कापड पहिल्या धुण्याला आकसतं आणि जुनं लुगडं आकसायचं तेवढं केव्हाच आकसून बसलेलं असतं. एका वर्षी उलटं केलं, मधून सुरू करून बाहेर गेले. फुगा गेला, पण चारी कडा झालरीसारख्या लाटा मारायला लागल्या. ती वाकळ मी उसवली. एकवीस दिवसांचं काम दोन दिवसांत उसवलं, आणि जेवले नाही.

माझ्या सासूबाईंच्या वाकळीला फुगा नसायचा. कधीच नाही. आमचे सासरे कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी 1906 साली काढलेली ती मिल 2003 साली बंद पडली आणि तिचा भोंगाही गेला. मिलच्या सुताचे गुंडे घरात असायचे, सासूबाई त्याच सुताला पीळ देऊन, मेण लावून शिवायच्या. बसायच्या सोप्यात, दुपारचं जेवण आवरल्यावर, एक पाय पसरून. मी शेजारी बसून त्यांचा हात बघत असे. त्या मला काही शिकवत नसत. कापड ताणून धरलं की एवढंच म्हणत, “वढू नगंस. त्येला बसू दे.” मी समजले, सावकाश शिवायला सांगतायत. मी सावकाश शिवलं. फुगा आलाच.

आता जे लिहिणार आहे ते मी यंदापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. लग्नानंतर पाचव्या की सहाव्या वाकळीवर मी त्या फुग्याची चुणी करून दाबली आणि वर गुळेदगुडच्या खणाचा एक चौकोन बसवला, लाल, काठासकट. झाकण्यासाठी. जाऊबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, देवघरासारखं दिसतंय मधे.” गल्लीतल्या बायका बघायला आल्या. पुढं माझ्या प्रत्येक वाकळीला मधे खणाचा चौकोन असायला लागला आणि ती माझी खूण ठरली. लोक लग्नात द्यायला वाकळ मागत, तेव्हा ‘मधे खण असलेली’ असं सांगून मागत. दोन-तीन मुलींनी माझं बघून तसा खण लावायला सुरुवात केली, त्यांच्या वाकळीत फुगा नसतानाही. मी ते कौतुक घेत राहिले. सासूबाई समोर बसलेल्या असत, त्यांना त्या चौकोनाखाली काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मी कधीकधी रात्री जागी राहिले आहे, आणि सकाळी उठून पुन्हा खण कापला आहे.

कापडाचंही सांगायला हवं, कारण निम्मं भांडण तिथंच आहे. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग घातला आणि पुढं आमच्या सगळ्या भागाच्या अंगावर तिथलं सुती लुगडं आलं. दहा वर्षं नेसून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून त्या लुगड्याला जो मऊपणा येतो तो विकत मिळत नाही. असं कापड थराला थर धरून बसतं. आता घरोघरी सिंथेटिक साड्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, घाम पीत नाहीत आणि एकमेकींवरून घसरतात. मधे एक सिंथेटिक थर घातला की फुगा चार बोटं येणार, हे मी न शिवता सांगते. दोऱ्याचंही तेच. रिळाचा पॉलिस्टर दोरा तुटत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण तो मऊ सुताला करवतीसारखा कापतो. दोरा कापडापेक्षा दुबळा हवा. धुताना काही तुटायचंच असेल तर टाका तुटावा, तो पुन्हा घालता येतो.

म्हणून मी बोहारणीची वाट बघते. बाकीच्या बायका तिला जुनी लुगडी देऊन स्टीलचं भांडं घेतात, मी भांडं देऊन लुगडी घेते. तिचं गाठोडं उंबऱ्यावर सोडवायचं, डोळे मिटून हात घालायचा आणि बोटांनी सुती ओळखायचं. म्हातारपणी याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात होत नाही. मागच्या पौषात एक अंजिरी इरकल मिळालं, पदर गेलेला, पण अंग साबूत. मी ते तीन दिवस नुसतं उशाशी ठेवलं होतं. जुनी वाकळ पार विरली की तिचे तुकडे वाया जात नाहीत. उन्हाळ्यात भिजवून गच्चीवरच्या मोगऱ्याच्या डब्यांच्या बुडाशी घालते, दुपारभर ओल टिकते. चैत्र-वैशाखात सकाळी त्या तुकड्यांवर पडलेली फुलं वेचायची आणि तिथंच सतरंजी टाकून सुई घ्यायची.

दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात, एका प्रदर्शनात मध्यंतरी वाकळी मांडलेल्या बघितल्या. मशिनवर उभ्या रेघा मारलेल्या, आत फायबर, वर शिंप्याकडची कोरी कात्रणं, आणि पाटी ‘आजीच्या मायेची ऊब’. फुगा एकीलाही नव्हता. रेघा एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातात, तिथं मधे फुगा येईल कसा? पण कोऱ्या कापडाची वाकळ म्हणजे वाकळ नव्हे. ज्या कापडात कुणी वावरलेलंच नाही, ते अंगावर घेऊन काय आठवायचं? मजुरीवर वाकळ शिवून देणाऱ्या बायका पूर्वी दारावर येत. त्यांचे टाके बोटबोट लांब असत, मी त्यांना नावं ठेवायची. आज त्यांच्यातली एक जरी आली तरी मी तिला पाटावर बसवीन.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पार 55 फुटांच्या वर गेली. आमच्या नणंदबाई प्रयाग चिखलीच्या. सगळं गाव पाण्यात. माणसं बोटीतून काढली, ट्रंका तिथंच राहिल्या. पाणी उतरल्यावर त्या आमच्याकडं आल्या, त्या आईची वाकळ घेऊनच. सासूबाईंनी त्यांच्या पहिल्या बाळंतपणाला दिलेली. गाळानं भरलेली ती वाकळ दोघींना उचलेना. चार पाण्यांतून काढली, रिठ्यानं धुतली, तरी पुराचा वास जाईना, आणि पिळायला गेले तर कापड हातात यायला लागलं. नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, उसवा. जेवढं निघंल तेवढं ऱ्हाऊ दे.”

गच्चीत बसून मी ती उसवली. वरची दोन्ही लुगडी अखंड होती. आत मात्र एकही अखंड थर नव्हता. चोळीच्या बाह्या, धोतराचे सोगे, मांजरपाटाचे तुकडे, टॉवेलची एक कड. सगळं वेगवेगळं, आणि कुठलाही तुकडा दुसऱ्याला भिडवलेला नव्हता. दोन तुकड्यांत बोटभर, कुठं दोन बोटं जागा सोडलेली. कडेकडं दाट, मधे विरळ. सुईनं रेटलेलं कापड त्या जागांत उतरायचं, फेऱ्या-फेऱ्याला थोडं थोडं, आणि मधे येईपर्यंत उठायला काही उरायचंच नाही.

मी आत कधी चिंधी घातली नाही. माझ्या वाकळीत आतसुद्धा अखंड लुगडं असतं, हे मी चारचौघीत सांगत आले. सासूबाई चिंध्या भरतात याची मला मनातून लाज वाटायची. माहेरी आमच्याकडं असं नव्हतं, हेही मी एकदा त्यांच्या ऐकण्यात बोलले होते. ‘त्येला बसू दे’ म्हणजे कापडाला बसायला जागा दे, हे मला त्यांच्या माघारी तेरा वर्षांनी, पुराच्या वासात कळलं. त्या दिवशी मी नणंदबाईंना काही सांगितलं नाही. निघाली तेवढी लुगडी घडी करून दिली.

पुढच्या वर्षी टाळेबंदीत सगळे घरात होते, तेव्हा मी पहिल्यांदा तशी शिवली. आत तुकडे, मधे जागा. फुगा चार बोटांवरून एका बोटावर आला. तिथंच अडला. त्यानंतरच्या दरेक वाकळीला एक बोट राहिलंच. जागा वाढवून पाहिली, तर तिथं थंडी शिरते. कमी केली, तर फुगा दीड बोट. सासूबाईंचा डावा हात कापडाखाली असायचा, माझा वर असतो. कदाचित तिथं काही असेल. खाली हात घालून शिवायला मी शिकू बघतेय, पण बोटाला सुई लागते आणि या वयात जखम लवकर भरत नाही. दुपटं शिवलं तर फुगा येत नाही, ते एवढंसं असतं की हात मधोमध पोचतो. सूनबाई म्हणाली, आता दुपटीच शिवा. तिचं चांगल्यासाठीच असतं. मी दोन दुपटी शिवली, आणि पुन्हा ही मोठी वाकळ पुढ्यात ओढली.

ज्येष्ठात नात पुण्याहून सुट्टीला आली. माझा अंगठा बघून म्हणाली, “आजी, समोरून मी शिवते.” तिला मी काही शिकवलं नव्हतं, लहानपणी शेजारी बसून बघायची तेवढंच. तिचे टाके बारीक, करकचून ओढलेले. माझे यंदा लांब पडतात, ओढ नाही. दोन दिवस आम्ही समोरासमोर शिवत मधे आलो. तिसऱ्या दिवशी ती थांबली. “आजी, हे काय झालं? फुगा तुझ्याकडं सरकलाय.” खरंच सरकला होता. मधोमध नव्हताच, माझ्या बाजूला वीतभर आला होता. जिथं ओढ जास्त तिथून कापड निघालं आणि सैल हाताकडं जाऊन बसलं. चाळीस वर्षांत तो मला हललेला दिसला नव्हता. मी तिला म्हटलं, “वढू नगंस.” तिनं विचारलं, मग काय करू? मी आत बोट घालून तिला जागा दाखवल्या, तिच्या पणजीच्या.

शेवटचा चौकोन उरला तेव्हा तिनं डब्यातून लाल खण काढला. तिनं पाहिलेल्या माझ्या सगळ्या वाकळींना तो होता, त्यामुळं तिला तो वाकळीचाच भाग वाटत होता. तेव्हा मी तिला तो कशासाठी लावते ते सांगितलं. जाऊबाईंचं देवघर, गल्लीतल्या बायका, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग खणाची घडी घालून तिनं तो डब्यात ठेवला.

वाकळ आषाढातल्या पहिल्या झडीला पुरी झाली. आता नवरात्राच्या धुण्याला ती पंचगंगेच्या घाटावर जाईल, पहिलं पाणी बघेल, मग सुती कापड काय करतं ते कळेल. सध्या खाटेवर पसरलेली आहे. माझ्या बाजूला एक बोट फुगा आहे. त्याच्यावर काही लावलेलं नाही.